पाणवठ्यावरची बकरी

२०२२ साल होतं आणि मी बहात्तर वर्षांचा होतो, म्हणजे आईनं सांगितलेलं जन्माचं साल खरं धरलं तर. त्या साली माझं मासिक बंद पडलं. बंद पडलं असं मी म्हणतो. ज्यांचं ते होतं ते म्हणतात बंद नाही पडलं, ऑनलाईन गेलं. माणूस मेला की वर गेला म्हणतात, तसंच मला ते तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

मासिक माझ्या मालकीचं नव्हतं हे मलाही कळतं. ते नागपुरातून निघायचं. बैठ्या खेळांचं होतं. बुद्धिबळ, शब्दकोडी, पत्त्यांची गंमत, आकड्यांचे चौकोन, आणि शेवटून दुसऱ्या पानावर खालचं अर्धं पान माझं. त्या अर्ध्या पानावर दर महिन्याला वाघ-बकरीचा एक डाव यायचा आणि डावाखाली माझं नाव आणि गाव. मासिकाचं नाव इथं सांगत नाही. ज्यांनी वाचलं त्यांना ते ठाऊक आहे, ज्यांनी नाही वाचलं त्यांना आता सांगून उपयोग काय.

मी शाळेत चवथीपर्यंत गेलो, आणि चवथीतही पावसाळाभर गेलो नाही, कारण धानाच्या रोवणीला हात लागायचे. पुढं चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी एका राईस मिलमध्ये जन्म काढला. आधी पोती वाहिली, मग मशीनवर उभा राहिलो. मिलमध्ये सेठपासून मुनीमापर्यंत सगळे मला ‘ए’ म्हणून हाक मारायचे. माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, घ्यायची गरज पडत नव्हती.

वाघ-बकरी ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. पाच उभ्या रेघा, पाच आडव्या, आणि कोपऱ्यांकडून तिरप्या. रेघा जिथं मिळतात ते घर. एका गड्याचे तीन वाघ, दुसऱ्याच्या पंधरा बकऱ्या. वाघानं बकरीवरून उडी मारली आणि पलीकडच्या रिकाम्या घरात पडला की बकरी मेली. बकऱ्यांनी वाघांना असं कोंडायचं की एकालाही हलायला जागा राहू नये. वाघ म्हणून आम्ही खापराचे तुकडे घ्यायचो आणि बकऱ्या म्हणून चिंचोके.

आणि आमच्यात एक नियम होता. बरोबर मधलं घर म्हणजे पाणवठा. पाणवठ्यावर उभ्या असलेल्या बकरीला वाघ मारत नाही. हा नियम मला माझ्या बापानं शिकवला. तुला कोणी शिकवला, हे मी त्याला विचारलं नाही. बापाला असलं काही विचारायची तेव्हा रीत नव्हती.

ह्या एका नियमानं सारा खेळ पालटतो. वाघवाला मधलं घर सोडायला तयार नसतो, बकरीवाला तिथं घुसायला टपलेला असतो. एकदा का बकरी तिथं घुसली की ती खुंट्यासारखी रोवली जाते आणि बाकीच्या तिच्या आधारानं सरकत जातात. माझे सगळे डाव त्या खुंट्यावर उभे होते.

माझा जोडीदार एसटीत कंडक्टर होता. मूळचा गोंडपिपरीकडचा, पण घर आमच्याच आळीत. तो बौद्ध, मी मारुतीच्या पारावर वाढलेला, आणि आमचं भांडण झालं तर ते फक्त पाटावर झालं. ड्यूटी नसली की त्याच्या ओसरीवर माझा रेघा कोरलेला पाट मांडायचा. मासिक मला त्यानंच दाखवलं. चंद्रपूरच्या स्टँडवरून घेऊन आला आणि माझ्या मांडीवर टाकून म्हणाला, “हे पाय. तुह्यासारखे रिकामटेकडे नागपुरातबी आहेत, अन् ते पुस्तक छापतात.”

मी एक एक अक्षर लावत वाचलं. त्यात बुद्धिबळाची मांडणी छापली होती आणि खाली लिहिलं होतं, पांढऱ्याची चाल, तीन चालीत मात. मला बुद्धिबळ येत नव्हतं, आजही येत नाही. पण खेळ अर्ध्यावर थांबवून लोकांना विचारायचं की आता काय कराल, ही गोष्ट माझ्या डोक्यात घुसली. आठवडाभर मी मशीनसमोर उभ्या उभ्या डाव जुळवत होतो. मग पोस्टकार्ड घेतलं, मुनीमाची पट्टी मागून त्यावर रेघा मारल्या, वाघ लाल शाईनं केले, बकऱ्या निळ्या. खाली लिहिलं, बकऱ्यांची चाल, वाघ कोंडा. पाणवठ्याचा नियमही लिहिला. अक्षर कसं होतं ते विचारू नका.

पुढच्या अंकात तो डाव छापून आला. नावासकट. कंडक्टरनं चालत्या बसमधून खिडकीतून हात काढून तो अंक मिलच्या गेटासमोर हलवला आणि बस थांबवली. त्याच्या ड्रायव्हरनं त्याला काय शिव्या दिल्या ते सांगत नाही. सेठनं अंक हातात घेतला, नाव वाचलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा नाव वाचलं. त्या दिवसापासून मिलमध्ये मला ‘भाऊ’ म्हणायला लागले. माणूस तोच, पोती तीच. छापलेल्या नावानं एवढं होतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि मनात कुठंतरी रागही आला, तो राग मी गिळला.

मासिकाचे संपादक म्हातारे गृहस्थ. त्यांना सगळे बाबूजी म्हणत. ते एकदा गडचिरोलीकडं लग्नाला जाताना मूलला उतरले आणि मिलच्या गेटावर आले. हमालांमध्ये बसून माझ्याशी एक डाव खेळले आणि हरले. पाणवठ्याचा नियम त्यांनी दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, “भाऊ, दर महिन्याला द्या. अर्धं पान तुमचं.” आणि त्यांनी शब्द पाळला, तेवढं मी म्हणेन. दर डावाच्या डोक्यावर जाड अक्षरात एक ओळ छापायचे: ‘या डावात पाणवठ्यावरची बकरी मरत नाही.’ वर्षानुवर्षं ती ओळ छापली गेली. तिच्यात कधी काना-मात्रा चुकला नाही.

उत्तरं यायची, ती बाबूजी एका पाकिटात घालून मला पाठवायचे. कोरपन्याचे एक मास्तर दर महिन्याला बरोबर उत्तर पाठवायचे आणि शेवटी एक टोमणाही लिहायचे, ‘या वेळी फारच सोपे दिले, प्रकृती ठीक आहे ना?’ गडचिरोलीकडच्या एक बाई होत्या, नवरा जंगलखात्यात. त्यांचं उत्तर हमखास चुकायचं, पण एक महिनाही चुकला नाही. ह्या माणसांना मी कधी पाहिलं नाही. पण डाव जुळवताना मी मास्तरांना कुठं अडकवायचं ते पाहायचो, आणि त्या बाईंना एकदा तरी बरोबर येऊ दे म्हणून एक डाव सोपाही केला होता. तोही त्यांनी चुकवला.

मग अंक पातळ होत गेला. कागद असा आला की मागच्या पानावरचा मजकूर पुढून दिसायचा. दोन महिन्यांचा मिळून एक अंक निघायला लागला. मास्तरांचं कार्ड यायचं थांबलं, का थांबलं ते कोणी कळवलं नाही. बाबूजींना अर्धांगाचा झटका आला आणि सगळं त्यांची मुलगी पाहू लागली. आणि एका अंकात शेवटच्या पानावर चौकट आली की पुढल्या अंकापासून मासिक फक्त ऑनलाईन.

माझी सून अंगणवाडीत आहे. तिच्याजवळ सरकारी कामाचा फोन असतो आणि तिचा स्वतःचाही. तिनं मला समजावलं.

“मामाजी, आता पोस्टाची वाट पाहाले नाई लागत. तुमचा डाव फोनमध्ये येईन. अन् लोक नुसते पाहनार नाईत, बोटानं खेळनार.”

“अन् वाचनार कुठी?”

“त्याच्यातच.”

“घडी करून खिशात ठेवता येते का?”

“अख्खा फोनच खिशात राह्यते ना मामाजी!”

तिला वाटलं मी गंमत करतोय. मी डाव कागदावर काढून दिला, नेहमीसारखा, वर नियमाची ओळ लिहून. तिनं त्याचा फोटो काढून नागपूरला पाठवला. तिकडून उत्तर आलं, त्यात अंगठा होता. शब्द नव्हता. मला तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, पण मी म्हटलं नवी रीत आहे.

ऑनलाईन मासिकाचं उद्घाटन त्यांनी चंद्रपूरला ठेवलं. कारण त्यांना वाटलं वाघाचा जिल्हा आहे, वाघ-बकरीचा डाव मोठ्या पडद्यावर दाखवू, लोकांना मजा येईल. मला बोलावणं आलं. सुनेनं माझा सदरा इस्त्री करून दिला आणि अंगणवाडीतल्या साऱ्या बायांना सांगून ठेवलं की आमचे मामाजी चंद्रपूरला पडद्यावर येणार. ती स्वतः येऊ शकली नाही, तिला त्या दिवशी मुलांची वजनं घ्यायची होती. मी आणि कंडक्टर बसनं गेलो. रिटायर होऊनही तो बसमध्ये चढला की प्रत्येकाच्या हातातल्या तिकिटाकडं पाहतो.

हॉल मोठा होता, पंखे कमी. बहुतेक कॉलेजची पोरं-पोरी. पहिल्या रांगेत बाबूजी चाकाच्या खुर्चीत बसलेले. त्यांनी मला ओळखलं, डावा हात वर केला. त्यांच्या मुलीनं माझा हात धरून मला स्टेजवर बसवलं, गळ्यात हार घातला. बाई बोलायला चांगली. खोटं काऊन सांगू, मला त्या वेळेपर्यंत बरं वाटत होतं.

मग अंधार केला आणि पडद्यावर माझा डाव आला. माझ्या रेघा, पण खाली हिरवं गवत. वाघ दात काढलेले, बकऱ्यांच्या गळ्यात घंट्या. लोक हसले, मीही हसलो. एका पोराला स्टेजवर बोलावलं, तो वाघ खेळणार. बकऱ्यांची चाल मी सांगायची, बाई ती बोटानं करणार. मी पहिलीच चाल सांगितली, डावीकडची बकरी पाणवठ्यावर. ती तिथं गेली. आता पुढं काय होतं ते मला तोंडपाठ होतं. वाघ मागं सरकणार, दुसरी बकरी त्याच्या पाठीशी येणार, तिसरी वाट बुजवणार.

पोरानं वाघाला बोट लावलं आणि पाणवठ्यावरच्या बकरीवरून उडी मारली. मशीन डरकाळी फोडून हसलं. बकरी ‘में’ करून गायब झाली. हॉलमध्ये टाळ्या.

मी उभा राहिलो. “ते बकरी मागं ठेव.”

बाई म्हणाल्या, “काका, काय झालं?”

“पाणवठ्यावरची बकरी मरत नाई. वर लिहिलेलं आहे.”

पडद्यावर वर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी पाहिलं. डावाच्या डोक्यावरची ती ओळच नव्हती.

मागून एक पोरगा ओरडला, “आजोबा, ताडोब्याच्या वाघाला माहीत आहे का हा नियम?”

“तू जा इचाराले,” मी म्हटलं. “मी इथीच थांबतो.”

हॉल हसला, आणि त्या वेळेपुरता माझ्या बाजूनं हसला. पण पडद्यावरची बकरी काही उठली नाही. वाघ पाणवठ्यावर काय करतो हे त्या पोरापेक्षा मला जास्त ठाऊक आहे. माझ्या चुलत्याचे दोन बैल तळ्याच्या काठावरच गेले. पण खेळ म्हणजे जंगलखात्याचा पंचनामा नाही.

बाईंनी मला बाजूला नेलं. आवाज चढवला नाही, ते मी कबूल करतो. म्हणाल्या, “काका, फोनवर खेळायचं म्हणजे सगळ्यांना एकच नियम ठेवावा लागतो. आम्ही खूप ठिकाणी विचारलं, पुस्तकं पाहिली. पाणवठ्याचा नियम कुठंच सापडला नाही.”

“म्हंजे मी इतके वर्स खोटं लिवलं?”

“तसं नाही म्हणत मी.”

“मंग कसं म्हनता?”

त्या मग म्हणाल्या, “तुमचे जुने सगळे डाव आम्ही चढवतो आहोत. जे नव्या नियमात बसत नाहीत ते आमच्याकडं कामाला असलेला एक मुलगा दुरुस्त करून देईल. नाव तुमचंच राहील, हजारो लोक पाहतील. उद्या दुपारी अंक सगळ्यांसाठी उघडायचा आहे, तोवर तुमचा होकार कळवा. तुमच्या मनाविरुद्ध मी काही टाकणार नाही.”

दुरुस्त. मिलमध्ये पट्टा तुटला की आम्ही दुरुस्त म्हणायचो.

मी बाबूजींकडं गेलो. म्हटलं, “बाबूजी, ती ओळ तुमीच छापत होते. सांगा यायले.”

बाबूजींना बोलता येत होतं, जरा जड, पण येत होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग मुलीकडं पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांवरच्या शालीकडं पाहत बसले. शेवटी म्हणाले, “भाऊ, चहा घेऊन जा.”

हार मी तिथंच खुर्चीवर ठेवला. चहा घेतला नाही.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर खिडकीजवळ बसला, मी त्याच्या शेजारी. घंटाचौकी गाव मागं पडलं. मग मीच विषय काढला.

“तू काऊन नाई बोल्ला तिथी?”

“काय बोलू?”

“नियम आहे म्हनून. तू त खेळलाच आहे माह्यासंग आयुष्यभर.”

त्यानं खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली. “आता बोललो त तू भडकशील.”

“बोल.”

“आमच्या गावात नव्हता तो नियम.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. “काय नव्हता?”

“पानवठा-फानवठा काई नव्हतं. मधलं घर म्हंजे मधलं घर. बकरी दिसली का वाघ मारे.”

“मंग इतके वर्स काऊन नाई सांगितलं?”

“पाट तुहा, चिंचोके तुहे. तुह्या घरी जेवाले बसलो त भाजीत मीठ कमी आहे म्हनू का?” मग तो म्हणाला, “अन् मले चांगला वाटला तो नियम. खेळ लांबते. घरी लवकर जाऊन तरी काय करत होतो मी.”

“मंग माह्या बापानं कुठून आनला?”

“तू लहान होता तवा वाघ कोन खेळे?”

“बाप.”

“अन् बकऱ्या?”

“मी.”

“हारला का रडत होता?”

पुढच्या सीटवरची बाई मागं वळून पाहायला लागली, तिच्याकडं मी असं पाहिलं की ती पुन्हा पुढं वळली.

“मी माह्या नातवासंग सापशिडी खेळतो,” कंडक्टर म्हणाला. “एक साप असा ठेवतो का तो चावत नाई. म्हनतो, हा झोपला आहे रे. पोट्टा हासते. तुह्या बापानंबी तसंच केलं असन. त्याच्यात काय वाईट आहे?”

वाईट काही नव्हतं. पण मी उठलो आणि मागच्या सीटवर जाऊन बसलो. बस जवळपास रिकामी होती, त्यामुळं सगळ्यांना दिसलं की मी का उठलो. मागच्या सीटवर किती आदळतं ते ज्यानं मूलचा रस्ता केला त्यालाच ठाऊक. कंबर मोडली तरी मी पुढं गेलो नाही. मूल आल्यावर तो आधी उतरला, खाली थांबला. मी दुसऱ्या दारानं उतरलो असतो, पण एसटीला दुसरं दार नसतं. त्याच्या अंगावरून निघून गेलो.

माझा बाप कसा होता हे मी इथं लिहितो, म्हणजे कळेल. तो बोलायचा कमी, मारायचा जास्त. मला त्यानं कधी उचलून घेतल्याचं आठवत नाही. जत्रेतून त्यानं मला काही आणलं नाही. असा माणूस माझ्यासाठी एक घर राखून ठेवेल, जिथं मला कोणी मारणार नाही, हे कंडक्टर म्हणतो म्हणून मी मानायचं का? आणि नाही मानायचं, तर मग तो नियम आला कुठून? बाप मेला त्याला इतकी वर्षं झाली की विचारायला त्याच्या वयाचं एक माणूस गावात उरलेलं नाही. जे होते त्यांनाही मी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, सगळं जग असंच खेळतं.

घरी सून वाट पाहत होती. हॉलमध्ये आलेल्यांसाठी अंक त्यांनी आधीच उघडला होता आणि डाव तिच्या फोनवरून गेला होता म्हणून तिलाही तो आला होता. तिचा चेहरा पाहूनच मला कळलं की तिनं तो पाहिला.

“खाली काय लिवलं लोकायनं?” मी विचारलं.

“काई नाई मामाजी. चांगलं आहे.”

“वाच.”

“जाऊ द्या ना.”

“वाच म्हटलं ना.”

तिनं वाचलं. एकानं लिहिलं होतं, डाव चुकीचा आहे. दुसऱ्यानं लिहिलं होतं, आजोबांनी पहिल्याच चालीत बकरी फुकट घालवली. तिसऱ्यानं नुसते हसणारे चेहरे टाकले होते, ते ती वाचू शकली नाही, तिनं मला दाखवले. बरोबर उत्तर एकाचंही नव्हतं, कारण त्यांच्या नियमानं उत्तरच नव्हतं.

मी पाट काढला. माझ्या डावांमधला जो मला सगळ्यात चांगला वाटतो, ज्यात कोरपन्याचे मास्तरही अडकले होते आणि ‘या वेळी हरलो’ एवढंच लिहून मोकळे झाले होते, तो मांडला. आणि त्यांच्या नियमानं चालवून पाहिला. पाणवठ्यावरची बकरी गेली, तिच्या आधाराची दुसरी गेली, मग सगळ्या उघड्या पडल्या. दोन घरं इकडंतिकडं करून तो सुधरण्यासारखा नव्हता. दुरुस्ती म्हणजे तिथं दुसराच डाव बसवावा लागणार होता, कोण्या पोरानं जुळवलेला, आणि त्याखाली माझं नाव लागणार होतं.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “मामाजी, हो म्हना. नाव त राहूनच राह्यलं ना तुमचं.”

“अन् नावाच्या वर काय राहीन?”

“डाव.”

“कोनाचा?”

ती चिडली. तिला चिडायचा हक्क होता, तिनं किती जणींना सांगितलं होतं. “बाबूजी बोल्ले नाईत. कंडक्टर मामा म्हनतात त्यायच्या गावात नव्हता. पुस्तकात नाई. मंग तुमचाच नियम खरा कसा?”

म्हणजे मी घरी पोचायच्या आत कंडक्टर तिला फोनवर सांगून मोकळा झाला होता.

“खरा आहे असं मी कुठी म्हनून राह्यलो?” मी म्हटलं. “माहा आहे म्हनून राह्यलो.”

“बिनाकामाची जिद्द आहे तुमची.”

“असन.”

“पुन्हा कुठीच नाई छापून येनार तुमचं नाव.”

“ते मालूम आहे मले.”

ती आत गेली आणि भांडी जरा जोरात ठेवायला लागली. मी जेवलो नाही. म्हणजे बसलो होतो ताटावर, पण उठलो. मला वाटत होतं की बापानं जर खरंच तो नियम माझ्यासाठी केला असेल, तर तो दुरुस्त करायला द्यायचा नाही. आणि त्यानं केला नसेल, कुठल्या जुन्या माणसांचा असेल, तरी दुरुस्त करायला द्यायचा नाही. दोन्हीकडून एकच येत होतं. तरी झोप आली नाही, कारण अर्धं पान जाणार होतं. ज्याला कधी कोणी ‘ए’ म्हणून हाक मारली नाही त्याला हे कळणार नाही.

सकाळी सून अंगणवाडीला निघायच्या आधी मी तिला फोन घेऊन बसायला सांगितलं. म्हटलं, मी बोलतो, तू नागपूरला पाठव. तिनं फोन माझ्या तोंडापुढं धरला. मी म्हणालो, “बाई, माहा एकबी डाव दुरुस्त करू नका. जे चढवले ते उतरवा, अन् नावबी काढा. बाबूजीयले नमस्कार सांगा.” तिनं ते मला परत ऐकवलं. माझा आवाज मला म्हाताऱ्याचा वाटला. ती म्हणाली, “मी नाई पाठवत. पाठवाचं असन त तुमीच दाबा.” कुठं दाबायचं ते मी तिला विचारलं. तिनं बोट दाखवलं. मी दाबलं.